दमसासाची पायाभरणी

प्रस्तावना

पहाटेच्या वेळी गावाबाहेरच्या रस्त्यावर किंवा शाळेच्या मैदानावर धावणारे तरुण-तरुणी तुम्ही पाहिले असतील. कदाचित तुम्ही स्वतःही त्यांच्यापैकी एक असाल. त्यांतील अनेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस दलाची किंवा सैन्याची भरती असते. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर अंतर धावावे लागते. हे अंतर काही मिनिटांतच संपते. पण त्या काही मिनिटांवर एखाद्या कुटुंबाचे पुढचे दिवस अवलंबून असतात. म्हणून उमेदवार रोज तेच अंतर जीव तोडून धावतो. पहिल्या काही आठवड्यांत वेळ सुधारते. मग ती एका आकड्यापाशी अडते. नडग्या दुखू लागतात, पोटऱ्यांना गोळे येतात आणि हळूहळू धीर सुटतो.

अशा उमेदवाराला कोणी सांगितले, की 'वेगाने धावायचे असेल तर आधी काही महिने सावकाश आणि खूप लांब धाव,' तर त्याला ती थट्टाच वाटेल. परंतु हाच विचार न्यूझीलंडमधील चपला-बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाने मांडला आणि जगभरच्या धावपटूंच्या सरावाची दिशा बदलली. त्या माणसाची, त्याच्या विचाराची आणि त्यामागील शास्त्राची ओळख या पाठात करून घ्यायची आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• पायाभूत सराव म्हणजे काय, हे सांगता येईल;
• लांब पल्ल्याच्या सावकाश धावेमुळे शरीरात होणारे बदल स्पष्ट करता येतील;
• आर्थर लिडियार्ड आणि त्यांचे शिष्य यांच्या कामगिरीचे वर्णन करता येईल;
• माहितीपर लेखातील मुद्दा, कारण आणि उदाहरण यांचा संबंध ओळखता येईल;
• कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग ओळखता येतील.

मूळ पाठ

(१) रोममधील एक दुपार

२ सप्टेंबर १९६०. रोम येथे ऑलिंपिक सामने सुरू होते. ८०० मीटर धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी होती. बेल्जियमचे रॉजर मोएन्स हे या अंतराचे विश्वविक्रमवीर मैदानात होते. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एकवीस वर्षांच्या पीटर स्नेल या न्यूझीलंडच्या तरुणाचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. शेवटच्या काही मीटरमध्ये स्नेल आतल्या बाजूने पुढे सरसावले आणि १ मिनिट ४६.३ सेकंदांत स्नेल यांनी सुवर्णपदक जिंकले.

त्यानंतर तास उलटण्याच्या आत ५००० मीटरची अंतिम शर्यत झाली. तिच्यात न्यूझीलंडचेच मरे हॅल्बर्ग धावत होते. तरुणपणी रग्बी खेळताना झालेल्या गंभीर दुखापतीमुळे त्यांचा डावा हात कायमचा दुबळा झाला होता. तीन फेऱ्या शिल्लक असतानाच त्यांनी एकाएकी वेग वाढवला. इतरांना सावरायला वेळ मिळण्यापूर्वीच ते बरेच पुढे निघून गेले आणि ती आघाडी त्यांनी अखेरपर्यंत टिकवली. अंतिम रेषा ओलांडताच ते मैदानावर कोसळले. पण सुवर्णपदक त्यांचेच होते. पुढे १० सप्टेंबरला झालेल्या मॅरेथॉनमध्ये, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीत, बॅरी मॅगी तिसरे आले. ती शर्यत इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावून जिंकली होती.

आठशे मीटर, पाच हजार मीटर आणि मॅरेथॉन या तीन शर्यतींमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर. पहिली दोन मिनिटांच्या आत संपणारी, तर शेवटची दोन तासांहून अधिक काळ चालणारी. तरीही या तिन्ही शर्यतींतील पदकविजेते एकाच शहरातील, एकाच प्रशिक्षकाचे शिष्य होते. आणखी आश्चर्य म्हणजे हे तिघेही दर आठवड्याला डोंगरातील एकाच लांबलचक रस्त्यावर धावत असत. त्या प्रशिक्षकाचे नाव आर्थर लिडियार्ड.

(२) स्वतःच्या शरीराची प्रयोगशाळा

आर्थर लिडियार्ड यांचा जन्म ६ जुलै १९१७ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. क्रीडाशास्त्राची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ते बुटांच्या कारखान्यात काम करीत. पुढे संसाराला हातभार म्हणून त्यांनी घरोघर दूध पोचवण्याचेही काम केले. तरुणपणी ते रग्बी खेळत आणि आपण तंदुरुस्त आहोत, असा त्यांचा समज होता. एकदा जॅक डोलन या मित्राने त्यांना सुमारे पाच मैल धावायला नेले. लिडियार्ड यांची छाती भरून आली, पाय जड झाले. डोलन मात्र वयाने मोठे असूनही सहज धावत होते. त्या वेळी लिडियार्ड तिशीच्या आतच होते. 'आजच माझी ही अवस्था असेल, तर आणखी वीस वर्षांनी काय होईल?' हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून शोधले. ते काही आठवडे फार थोडे धावत, तर काही आठवडे अतोनात. कधी सावकाश, तर कधी वेगाने. प्रत्येक वेळी शरीराने कसा प्रतिसाद दिला, ते लक्षपूर्वक पाहत. ही साधना अनेक वर्षे चालली. अखेर त्यांच्या लक्षात आले, की आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, अंतर धाप न लागणाऱ्या पण एकसारख्या गतीने धावले आणि त्यात एक धाव बरीच लांब ठेवली, तर शरीर खचत नाही. उलट दर महिन्याला अधिक कणखर होत जाते. १९५३ आणि १९५५ या वर्षी ते न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेते ठरले. तोपर्यंत ओवाइराका या उपनगरातील त्यांच्या घरापाशी धावण्याची आवड असलेले आसपासचे तरुण जमू लागले होते.

या तरुणांसाठी त्यांनी रविवारचा एक मार्ग ठरवला होता. तो वायटाकेरे डोंगररांगांतून, वायाटारुआ या उंचावरील ठिकाणावरून जाई. त्याची लांबी २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर होती. सतत चढ आणि उतार. मॅरेथॉन धावणाऱ्याने हा मार्ग धावावा, हे कोणालाही पटेल; पण आठशे मीटर धावणाऱ्या स्नेल यांनीही तो धावावा, असा लिडियार्ड यांचा आग्रह होता. पहिल्या वेळी तो मार्ग पुरा करताना स्नेल पार गळून गेले. तरीही ते पुढच्या रविवारी आले आणि येत राहिले.

त्या काळी मध्यम अंतराच्या धावपटूंचा सराव मुख्यतः मैदानावर होत असे. ठरावीक अंतर वेगाने धावायचे, थोडी विश्रांती घ्यायची, पुन्हा वेगाने धावायचे, अशी ती पद्धत होती. तिचा उपयोग लिडियार्ड यांनी नाकारला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की वेगाचा सराव शेवटी यावा. त्याआधी दमसासाचा पाया घातलेला असावा.

पाठगत प्रश्न १

(अ) कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
१. रोम ऑलिंपिकमधील ८०० मीटर शर्यत .......... यांनी जिंकली. (मरे हॅल्बर्ग / पीटर स्नेल / बॅरी मॅगी)
२. लिडियार्ड यांच्या शिष्यांचा रविवारचा मार्ग .......... मैलांचा होता. (५ / २२ / १००)
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
लिडियार्ड यांच्या मनात कोणता प्रश्न घर करून बसला?

(३) पायाभूत सराव म्हणजे काय?

लिडियार्ड यांनी सरावाच्या हंगामाचे टप्पे पाडले. पहिला आणि सर्वांत मोठा टप्पा पायाभूत सरावाचा. तो दहा-बारा आठवड्यांचा आणि शक्य असेल तर त्याहूनही मोठा असावा, असे ते सांगत. या काळात शर्यतीच्या वेगाने धावण्याचा हव्यास धरायचा नाही. दुसरा टप्पा चढावरच्या सरावाचा. त्यात उड्या मारल्यासारखे चढ चढून पायांची ताकद वाढवायची. तिसरा टप्पा मैदानावरील वेगवान सरावाचा. त्यानंतर शर्यतीच्या गतीचा अंदाज पक्का करायचा आणि शर्यतीच्या आधी सराव कमी करून शरीराला ताजेतवाने होऊ द्यायचे.

या क्रमामागे एक साधे तत्त्व आहे. वेगवान सरावाचे फळ काही आठवड्यांत मिळते आणि काही आठवड्यांतच त्याची मर्यादाही येते. दमसास मात्र सावकाश वाढतो, पण तो दीर्घकाळ वाढत राहतो. म्हणून ज्याला अधिक वेळ लागतो, ते काम आधी सुरू करायचे. पाया जितका रुंद, तितकी त्यावरची इमारत उंच नेता येते.

पायाभूत सरावातील सर्वांत महत्त्वाचा दिवस लांब पल्ल्याच्या धावेचा. आठवड्यातून एकदा धावपटूने इतर दिवसांपेक्षा बराच अधिक वेळ, न थांबता, एकसारख्या गतीने धावावे, अशी ही योजना आहे. येथे 'सावकाश' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सावकाश म्हणजे रेंगाळत नव्हे. धावता धावता शेजारच्या सोबत्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे, ही त्याची कसोटी. बोलताना दर दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर गती अधिक आहे. धाव संपल्यावर 'अजून थोडे धावता आले असते' असे वाटावे. घरी येऊन आडवे पडण्याची वेळ येऊ नये.

(४) शरीरात काय घडते?

आपले स्नायू दोन मार्गांनी ऊर्जा मिळवतात. एका मार्गात प्राणवायूचा वापर होतो. या मार्गाने ऊर्जा सावकाश पण दीर्घकाळ मिळते. दुसऱ्या मार्गात प्राणवायूवाचून ऊर्जा तयार होते. ती झटपट मिळते. पण स्नायूंतील आम्लता वाढून पाय थोड्याच वेळात जड पडतात. छोट्या अंतराच्या शर्यतीत दुसऱ्याच मार्गाचे राज्य असते, असा अनेकांचा समज आहे. तो शंभर मीटरच्या बाबतीत बरोबर आहे. १६०० मीटर धावताना मात्र लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग प्राणवायूच्या मार्गानेच येतो. आठशे मीटरमध्येसुद्धा निम्म्याहून अधिक ऊर्जा त्याच मार्गाने मिळते. म्हणजेच शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली, की दुसऱ्या मार्गावरचा भार कमी होतो आणि पाय जड पडण्याचा क्षण पुढे ढकलला जातो. लिडियार्ड यांच्या विचाराचे मर्म येथे आहे.

लांब धावेमुळे ही क्षमता अनेक प्रकारे वाढते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. त्यामुळे तेच काम कमी ठोक्यांत होते. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. स्नायूंच्या पेशींमधील तंतुकणिका, म्हणजे जेथे प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा तयार होते ते सूक्ष्म घटक, संख्येने व आकाराने वाढतात. शरीर चरबीचाही इंधन म्हणून अधिक चांगला उपयोग करू लागते आणि ग्लायकोजेन या साठवलेल्या शर्करेची बचत होते.

आणखी एक गोष्ट विशेष आहे. स्नायूंमध्ये मंद आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात. सावकाश धावताना प्रथम मंद तंतू काम करतात. धाव तासाभराहून अधिक लांबली, की त्यांच्याजवळचा शर्करेचा साठा आटू लागतो. मग जलद तंतूंनाही कामाला जुंपले जाते. अशा रीतीने एरवी केवळ वेगासाठी राखून ठेवलेल्या तंतूंनाही दमसासाचे शिक्षण मिळते. पीटर स्नेल पुढे अमेरिकेत जाऊन शरीरक्रियाशास्त्र शिकले आणि डलास येथे संशोधक म्हणून त्यांनी काम केले. आपल्या गुरूने अनुभवाने जे शोधले, ते का लागू पडते याचे स्पष्टीकरण देताना त्यांनी याच गोष्टीकडे लक्ष वेधले. प्रशिक्षकाने कारखान्यातून सुटल्यावर रस्त्यावर शोधलेले सत्य शिष्याने प्रयोगशाळेत तपासले, असा हा सुंदर योग आहे.

रोमच्या विजयाकडेही या दृष्टीने पाहता येते. ८०० मीटरच्या शर्यतीसाठी स्नेल यांना तीन दिवसांत चार वेळा धावावे लागले. प्रत्येक फेरीत प्रतिस्पर्धी थकत गेले. ज्याने महिनोन्महिने दर रविवारी डोंगर तुडवला होता, त्याचे शरीर मात्र दोन फेऱ्यांच्या मधल्या थोड्या वेळात सावरत होते. पुढे १९६२ च्या जानेवारीत त्यांनी एक मैलाचा विश्वविक्रम ३ मिनिटे ५४.४ सेकंद असा नोंदवला आणि आठवडाभरातच ८०० मीटरचा विश्वविक्रमही १ मिनिट ४४.३ सेकंदांवर आणला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी ८०० आणि १५०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. १६०० मीटर धावताना बहुतेक ऊर्जा प्राणवायूवाचून मिळते.
२. लांब धावेमुळे स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते.
(आ) योग्य गतीची कसोटी कोणती?

(५) घाईचे दुखणे

लांब धाव उपयोगी आहे, हे वाचून कोणी उद्याच पंधरा किलोमीटर धावायला निघेल, तर त्याच्या पदरी दुखापतच पडेल. 'पी हळद नि हो गोरी' ही वृत्ती येथे चालत नाही. याचे कारण असे, की शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र महिने लागतात. दम टिकतो म्हणून धावपटू अंतर वाढवत जातो आणि नडगीचे हाड किंवा टाचेमागची कंडरा तक्रार करू लागते. ही तक्रार ऐकली नाही, तर हाडाला बारीक चीर पडण्यापर्यंत वेळ येते आणि भरतीचा दिवस अंथरुणात जातो.

म्हणून वाढ टप्प्याटप्प्याने करावी. जी व्यक्ती सलग तीस मिनिटे सहज धावू शकते, तिने आठवड्यातून पाच दिवस धावायचे ठरवले, असे समजा. चार दिवस तीस मिनिटे आणि एक दिवस चाळीस मिनिटे, ही सुरुवात. पुढच्या दोन आठवड्यांत लांब धाव पाच-पाच मिनिटांनी वाढवून पन्नासपर्यंत न्यावी. चौथ्या आठवड्यात ती पुन्हा चाळीसवर आणावी, म्हणजे शरीराला झालेली झीज भरून काढता येते. त्यानंतर पन्नास, पंचावन्न, साठ अशी वाटचाल करावी आणि इतर दिवसांची धावही थोडी थोडी वाढवावी. एकट्या लांब धावेचा वाटा आठवड्याच्या एकूण धावेच्या पाव हिश्श्याच्या आसपास असावा. तो तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नये. लिडियार्ड यांच्या शिष्यांचेच उदाहरण घ्या. १६० किलोमीटरच्या आठवड्यात ३५ किलोमीटरची लांब धाव, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक. मुळातली पस्तीस किलोमीटरची धाव प्रचंड वाटते. पण तिला उरलेल्या सहा दिवसांचा भक्कम आधार होता.

लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यावी किंवा अगदी हलके धावावे. अंतरापेक्षा वेळ मोजणे अधिक सोयीचे. त्यामुळे सोबत्याशी अंतराची चढाओढ लागत नाही. आपल्या देशात बहुतेक भागांत ऊन कडक असते. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास धाव संपेल, असे पाहावे आणि तासाहून अधिक धावायचे असल्यास वाटेत पाण्याची सोय करावी. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट बरी. अंधारात धावताना फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. पायाच्या एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना होत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखणे, भोवळ येणे अशा लक्षणांकडे कधीही दुर्लक्ष करू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा पूर्वीचा काही आजार असलेल्यांनी सुरुवातीलाच वैद्यकीय सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

लिडियार्ड यांचा सारा उपदेश एका वाक्यात सांगायचा, तर तो असा : सराव करावा, शरीराची ओढाताण करू नये. मात्र त्यांच्या पद्धतीचा अर्थ केवळ सावकाश धावत राहणे असाही नाही. पाया घातल्यावर भिंती उभारल्याच नाहीत, तर घर होत नाही. भरतीला सहा महिने असतील, तर पहिले तीन महिने पायाभरणीला द्यावेत. नंतर चढ, मग मैदानावरचा वेग आणि शेवटचे काही दिवस हलका सराव. चाचणीला जेमतेम तीन आठवडे उरले असतील, तर मात्र पाया घालायची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता सुरुवात करणाऱ्याला त्याचा लाभ मिळतो.

(६) विजेत्यांपलीकडे

लिडियार्ड यांचे कार्य पदकांपुरते मर्यादित राहिले नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ऑकलंडमध्ये त्यांच्या प्रेरणेने सामान्य माणसांचा धावण्याचा एक संघ सुरू झाला. त्यात बैठे काम करणारे, वजन वाढलेले, हृदयविकारातून उठलेले लोक होते. कोणतीही शर्यत जिंकायची नसलेली ही माणसे बोलत बोलत, सावकाश धावत. अमेरिकेतील प्रसिद्ध प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला आले असता त्यांनी या संघाबरोबर धाव घेतली. त्या वेळी ते पन्नाशीतले होते. सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा त्रास सोसलेल्या एका सदस्याच्या बरोबरीने धावताना त्यांची दमछाक झाली, ही आठवण प्रसिद्ध आहे. मायदेशी परतल्यावर त्यांनी या सावकाश धावण्याचा, म्हणजेच जॉगिंगचा, तेथे प्रसार केला. आज बागेत आणि रस्त्यावर सकाळी धावणारे असंख्य लोक दिसतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना लिडियार्ड हे नाव ठाऊक असेल.

११ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच लिडियार्ड यांचे निधन झाले. 'आणखी वीस वर्षांनी माझे काय होईल?' या प्रश्नाने सुरू झालेला प्रवास जवळजवळ साठ वर्षे चालला.

शब्दार्थ

दमसास – दीर्घकाळ श्रम करूनही न थकण्याची शक्ती
नडगी – गुडघ्याखालील पायाचा पुढचा हाडाचा भाग
केशवाहिन्या – केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या
कंडरा – स्नायू हाडाशी जोडणारा चिवट पट्टा
कणखर – टिकाऊ, बळकट
हव्यास – अतिरेकी ओढ
दमछाक होणे – अतिशय धाप लागणे, थकून जाणे
मन/मनात घर करून बसणे – मनात कायम राहणे
पदरी पडणे – वाट्याला येणे

विवेचन

हा पाठ माहितीपर लेख आहे. अशा लेखात लेखकाला एखादे तत्त्व वाचकाला पटवून द्यायचे असते. येथे तत्त्व थोडक्यात असे : वेगासाठी आधी दमसास हवा. ते थेट न सांगता प्रथम रोममधील प्रसंग सांगितला आहे, म्हणजे वाचकाच्या मनात 'हे कसे शक्य झाले?' असा प्रश्न निर्माण होतो. मग व्यक्तीचा परिचय, नंतर शास्त्रीय कारण आणि शेवटी व्यवहारातील उपयोग असा क्रम आहे. तत्त्वाची दुसरी बाजूही लपवलेली नाही. लांब धाव घाईने केली तर अपाय होतो आणि एकटी लांब धाव पुरेशी नसते, हेही स्पष्ट केले आहे. विश्वासार्ह लेखनाचे हे लक्षण होय.

पाठातील विचार धावण्यापुरताच आहे का, याचाही विचार करा. शाळा मध्येच सुटलेली व्यक्ती पुन्हा पुस्तक हाती घेते, तेव्हा पहिले काही महिने प्रगती दिसत नाही. रोज अर्धा तास केलेले वाचन कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडते ते तेच.

भाषाअभ्यास : प्रयोग

पुढील वाक्ये पाहा.
१. लिडियार्ड रग्बी खेळत.
२. स्नेल यांनी सुवर्णपदक जिंकले.
३. धावपटूने सावकाश धावावे.

पहिल्या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. 'लिडियार्ड' ऐवजी 'मी' हा कर्ता घेतला, तर 'मी रग्बी खेळे' असे होईल. हा कर्तरी प्रयोग. दुसऱ्या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. 'सुवर्णपदक' ऐवजी 'शर्यत' हे कर्म घेतले, तर 'स्नेल यांनी शर्यत जिंकली' असे होईल. हा कर्मणी प्रयोग. तिसऱ्या वाक्यात 'धावपटूने' ऐवजी 'मुलींनी' म्हटले, तरी 'धावावे' हे रूप तसेच राहते. हा भावे प्रयोग. सूचना आणि सल्ला देताना मराठीत भावे प्रयोगाचा वापर बराच होतो.

तुम्ही काय शिकलात?

• वेगवान सरावाआधी दमसासाचा पाया घालणे, हे लिडियार्ड यांच्या पद्धतीचे सूत्र आहे.
• आठवड्यातून एकदा केलेली लांब, एकसारख्या गतीची धाव हा पायाभूत सरावाचा कणा आहे.
• तिच्यामुळे हृदय, केशवाहिन्या आणि स्नायूंच्या पेशी यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते.
• हाडे आणि कंडरा सावकाश तयार होतात. म्हणून वाढ टप्प्याटप्प्याने करावी.

पाठान्त प्रश्न

१. पाठाच्या सुरुवातीस वर्णन केलेल्या भरतीच्या उमेदवाराचे नेमके कोठे चुकते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. आठशे मीटर धावणाऱ्या स्नेल यांना ३५ किलोमीटरच्या धावेचा उपयोग कसा झाला? कारणे द्या.
३. 'वेगवान सराव शेवटी यावा' या मतामागील तत्त्व स्पष्ट करा.
४. एक व्यक्ती आठवड्यात चार दिवस ४० मिनिटे आणि एक दिवस ६० मिनिटे धावते. लांब धावेचा वाटा पाठात सांगितलेल्या मर्यादेत आहे का, ते आकडेमोड करून सांगा.
५. पुढील वाक्यांतील प्रयोग ओळखा : (अ) मित्राने पाच मैल धाव घेतली. (आ) मुलांनी पहाटे उठावे. (इ) मुली मैदानावर धावतात.
६. तुमच्या परिसरात धावण्याचा सराव करणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिचा आठवड्याचा क्रम विचारा आणि त्यावर पंधरा ओळी लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (अ) १. पीटर स्नेल २. २२ (आ) 'आजच माझी ही अवस्था असेल, तर आणखी वीस वर्षांनी काय होईल?' हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.
पाठगत प्रश्न २ : (अ) १. चूक २. बरोबर (आ) धावता धावता सोबत्याशी पुरे वाक्य बोलता येणे.
पाठान्त प्रश्न ४ : एकूण २२० मिनिटे, त्यांत ६० मिनिटे म्हणजे पाव हिश्श्याहून थोडी अधिक, पण तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणून ती मर्यादेत आहे.
पाठान्त प्रश्न ५ : (अ) कर्मणी (आ) भावे (इ) कर्तरी